समुद्र नसलेली बंदरे

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात ७५ सार्वजनिक बंदरे आहेत, आणि त्यांपैकी अनेकांना समुद्र नाही. काही नदीकाठी आहेत, काही तर चक्क कोरड्या माळावर. तरीही कायद्याच्या लेखी ती बंदरेच. (राजधानीचे वॉशिंग्टन शहर वेगळे; ते देशाच्या दुसऱ्या टोकाला.) बंदर म्हटले की धक्के, क्रेन आणि गोदामे डोळ्यांसमोर येणाऱ्याला हा प्रकार विचित्र वाटेल. पण एखादी सार्वजनिक संस्था स्थानिक धंद्याला नेमका कसा हात देते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

या संस्थेला तिथे ‘पोर्ट डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. यातला डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. तिचे नाते आपल्या कृषी उत्पन्न बाजार समितीशी जास्त जवळचे: ठरावीक कामासाठी, ठरावीक हद्दीत, कायद्याने उभी केलेली आणि निवडून आलेल्यांनी चालवायची संस्था. फरक असा की बाजार समितीचे मतदार मोजके असतात; बंदराचे आयुक्त मात्र सामान्य मतदार निवडतो. मुळात असे बंदर स्थापन करायचे की नाही, हेही मतदानानेच ठरते.

याचे मूळ १९११ च्या कायद्यात आहे. सिअॅटल शहराचा किनारा तेव्हा मुख्यतः खासगी रेल्वे कंपन्यांच्या हाती होता. धक्का त्यांचा, गोदाम त्यांचे, रूळही त्यांचेच. मग भाडे कोण ठरवणार? पनामा कालवा खुला होण्याच्या बेतात होता, व्यापार वाढणार हे दिसत होते, आणि त्याचा मलिदा ठरावीक कंपन्यांनाच मिळणार हेही दिसत होते. ५ सप्टेंबर १९११ रोजी मतदारांनी सिअॅटल बंदराच्या बाजूने कौल दिला. पहिल्या तीन आयुक्तांत हायरम चिटेंडन हे निवृत्त लष्करी अभियंते होते. या बंदराच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होते मच्छीमारांसाठीचे टर्मिनल. ते १९१४ मध्ये सुरू झाले आणि आजही मासेमारी बोटी तिथेच लागतात.

मुंबईला हेच दुखणे चाळीस वर्षे आधी झाले होते. इथला मोक्याचा किनारा एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीकडे होता. सरकारने १८७० मध्ये तो विकत घेतला आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. रोग एक, औषधही जवळपास एकच. डॉक्टर कोणी नेमायचा, एवढाच फरक.

आता पैशाचे बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. बंदराला हद्दीतल्या मालमत्तांवर कर लावता येतो. सर्वसाधारण कामांसाठी त्याची कमाल मर्यादा दर हजार डॉलर मूल्यामागे ४५ सेंट. म्हणजे पाच लाख डॉलरच्या घराला वर्षाला जास्तीत जास्त २२५ डॉलर. शिवाय नवी बांधकामे सोडली तर कराची एकूण रक्कम वर्षाला साधारण एक टक्क्यापलीकडे मतदारांना विचारल्याशिवाय वाढवता येत नाही. मोठ्या बंदरांची बाकी कमाई भाडे, धक्क्याचे शुल्क, विमानतळाची आकारणी यांतून येते. मग एवढ्याशा कराचा उपयोग काय? तर पत. करवसुलीचा अधिकार पाठीशी असल्याने रोख्यांवर स्वस्तात कर्ज मिळते. त्यातून जमीन घ्यायची, तिची साफसफाई करायची, रस्ता, पाणी, सांडपाण्याची सोय करून शेड उभी करायची आणि भाड्याने द्यायची. बँक किंवा छोटा उद्योजक ज्या कामात दहा-पंधरा वर्षे पैसा अडकवणार नाही, ते काम बंदर अंगावर घेते. खासगी धंद्याला सरकारी पैसा बक्षीस देण्यास राज्यघटनेची मनाई आहे. पण १९६६ च्या दुरुस्तीने औद्योगिक विकास आणि व्यापारवृद्धीवर बंदराने केलेला खर्च सार्वजनिक कामाचा मानला.

समुद्र नसलेल्या बंदरांचे कोडे इथे सुटते. मोझेस लेक येथील हवाई दलाचा तळ १९६६ मध्ये बंद झाला. गावाचा पोशिंदाच गेला म्हणायचे. धावपट्टी मात्र अजस्र होती. ती स्थानिक बंदराकडे आली, आणि १९६८ पासून जपान एअरलाइन्सचे वैमानिक तिथे प्रशिक्षणाला येऊ लागले. ते पुढे चाळीस वर्षे येत राहिले.

वाला वाला या द्राक्षांच्या गावातले उदाहरण मला अधिक आवडते. तिथल्या बंदराने विमानतळाच्या आवारात नवख्या वाइन उत्पादकांसाठी छोट्या इमारती बांधल्या. सुरुवातीला भाडे कमी, पुढे वाढत जाणारे, आणि सहा वर्षांनी जागा सोडायची म्हणजे सोडायची, कारण पुढचा नवखा दारात उभा असतो. आपल्याकडे २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले. पण तिथला विचार भूखंडाचा होता. भूखंड घेणाऱ्याकडे इमारतीचे भांडवल आधीच असावे लागते. तयार शेड घेणाऱ्याकडे द्राक्षे आणि हुन्नर असला तरी भागते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

ग्रामीण बंदरांना २००० पासून दूरसंचाराची घाऊक सेवा देण्याचीही मुभा मिळाली. व्हिटमन काउंटीच्या बंदराने गहू पिकवणाऱ्या विरळ वस्तीत फायबर टाकून ती खासगी सेवादारांना भाड्याने दिली.

म्हणून सगळे आलबेल आहे असे नाही. सिअॅटल बंदराने बांधकामांच्या कंत्राटांत सुमारे ९.७ कोटी डॉलर वाया घालवले, असे राज्याच्या लेखापरीक्षकांनी २००७ मध्ये म्हटले. ड्युवामिश नदीचा खालचा भाग दशकानुदशकांच्या औद्योगिक घाणीमुळे २००१ मध्ये केंद्राच्या अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत गेला, आणि सफाईची जबाबदारी आलेल्यांत बंदरही आहे. शिवाय आयुक्तांची नावे किती मतदारांना ठाऊक असतात, हा प्रश्न तिथेही विचारला जातो. पण राग आलाच तर तो काढायला मतपेटी आहे.

आपल्याकडे २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने मंडळावर राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, सीमाशुल्क यांचे प्रतिनिधी, कामगारांचे दोन सदस्य आणि काही स्वतंत्र सदस्य बसवले. अध्यक्ष केंद्र नेमते. ज्या शहराच्या पूर्व किनाऱ्याची एवढी जमीन बंदराकडे आहे, त्या मुंबईच्या महापालिकेसाठी त्यात राखीव खुर्ची नाही. वाढवण बंदराच्या कंपनीत ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा आहे. दोन्ही संस्था सार्वजनिकच. डहाणूचा मच्छीमार मात्र यांपैकी एकाही मंडळासाठी मत देत नाही.