घरचा अभ्यास (लेखांक 6) : धडा मुलाच्या कलाने की विषयाच्या?

कोणी बघून शिकतं, कोणी ऐकून, कोणी हाताने करून, ही वाटणी आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी 1992मध्ये तिला वाचून-लिहून शिकणाऱ्यांचा वेगळा गट जोडला. घरी शिकवणाऱ्या पालकांना ती विशेष पटते, कारण त्यांच्यासमोर एक-दोनच मुलं असतात आणि प्रत्येकासाठी वेगळा धडा करणं त्यांना जमण्यासारखं असतं. पण ही मेहनत भलत्या जागी खर्च होते, असं माझं स्पष्ट मत आहे. 2008मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या कल्पनेसाठी साधी कसोटी मांडली. बघणारी आणि ऐकणारी, दोन्ही गटांतली मुलं चिठ्ठ्या टाकून दोन्ही पद्धतींत वाटायची आणि शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यायची. बघणाऱ्यांना चित्रांनी आणि ऐकणाऱ्यांना कथनाने जास्त आलं, तरच सिद्धांत खरा. या कसोटीवर टिकेल असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. नीट केलेल्या काही अभ्यासांचे निष्कर्ष तर थेट उलटे होते.

मग धडा बेतायचा कशावर? विषयावर, आणि मुलाला आधीपासून काय येतं त्यावर. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या परिसरात हे नवं नाही. बोहाडा या सोंगांच्या उत्सवातली संबळाची चाल कानानेच उचलावी लागते. भाताची आवणी हातानेच येते; राबातलं रोप चिखलात किती खोल रोवायचं हे नुसतं सांगून कळत नाही. तालुक्याचा नकाशा मात्र डोळ्यांनीच वाचायचा. हातच्याची वजाबाकी घ्या. मुलाला काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधू द्या आणि 34मधून 18 काढायला सांगा. सुट्या चार काड्यांतून आठ निघत नाहीत, म्हणून ते एक जुडी सोडतं. सुट्या चौदा होतात, त्यांतून आठ गेल्या की सहा उरतात. मग हेच वहीत मांडायचं, मग काय केलं ते मुलाने तोंडाने सांगायचं. ज्याला आपण ऐकून शिकणारं म्हणतो, त्या मुलालाही जुडी सोडावीच लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पानं, बिया, खडे यांची साधनं केली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं कुठे वावरतात, कोणत्या कामात असतात, हे पाहून त्यांनी शिकवणं बेतलं.

यावर कोणी म्हणेल, दोन मुलं सारखी नसतातच. खरंच नसतात. पण फरक बहुधा पूर्वज्ञानात आणि घरच्या भाषेत असतो. घरी कोकणा बोलणारं मूल शाब्दिक उदाहरणाशी अडलं, की ‘याला वाचून कळत नाही’ असा शेरा बसतो. तेच उदाहरण कोकणा बोलीत सांगून पाहावं. अडचण गणिताची आहे की वाचनाची-भाषेची, हे लगेच कळतं. दुसरा आक्षेप मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेचा. बुद्धी अनेक प्रकारची असते ही त्यांनी 1983मध्ये मांडलेली कल्पना आणि शिकण्याच्या शैली या वेगळ्या गोष्टी आहेत, हे खुद्द गार्डनर यांनीच 2013मध्ये स्पष्ट केलं. राहिली मुलाची आवड. तिने धड्याची सुरुवात खुशाल करावी, पण आवडतं म्हणून जास्त कळतं असं नाही. ‘बघून शिकणारं’ ठरलेल्या मुलाला वाचायला कमी दिलं जातं आणि ते वाचनात मागेच राहतं, हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

ज्याला कमी दिसतं किंवा कमी ऐकू येतं, त्या मुलाची गोष्ट निराळी. ब्रेल किंवा श्रवणयंत्र ही त्याची गरज आहे, शैलीशी तिचा संबंध नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली पथकं तपासणीसाठी अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जातात; घरीच शिकणारं मूल त्यातून सहज निसटतं. म्हणून मूल ‘ऐकून शिकत नाही’ असं वाटलं, की धडा बदलण्याआधी त्याला हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन कान तपासून घ्यावेत.