बुटाला लागलेली धूळ

मागच्या भागानंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: दिघोरीपासून तारापूर सातशेच्या वर किलोमीटर, मग आपल्याला काय त्याचं?

तर ऐका. २८ एप्रिल १९८६. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कामगाराच्या बुटांमुळे धोक्याची घंटा वाजली. गंमत म्हणजे त्यांच्या केंद्रात काहीच बिघडलं नव्हतं. बुटाला लागलेली धूळ चेर्नोबिलची होती, हजारेक किलोमीटरवरून वाऱ्या-पावसाबरोबर आलेली! सोव्हिएत सरकारने तोवर जगाला काही सांगितलंच नव्हतं.

पण धूळ कुठली, हे कळतं कसं? नुसतं टिकटिक करणारं गायगर यंत्र पुरत नाही, बरं का. आपल्या बांधीतल्या मातीजवळ धरलं तरी ते वाजेल. कारण मातीत पोटॅशियम-४० मुळातच असतं. जगाची सरासरी किलोमागे साधारण ४०० बेकरेल, म्हणजे सेकंदाला ४०० अणू फुटतात. शिवाय १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचं थोडं सीझियम-१३७ जगभर पडलंय. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं, म्हणून अजून सापडतं.

म्हणून माती प्रयोगशाळेत न्यायची. नमुना न नांगरलेल्या, सपाट जागेचा हवा. सीझियम चिकणमातीला घट्ट धरून वरच्या काही सेंटीमीटरांतच बसतं. चिखलणी केली की सगळं खालीवर होतं. मग वाळवायची, चाळायची आणि शिशाच्या जाड डब्यात डिटेक्टरजवळ तासन्‌तास ठेवायची. प्रत्येक अणूच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. सीझियम-१३७ ची ६६२, पोटॅशियमची १४६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. आकडा दिसला की नाव कळलं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. सीझियम-१३४ अणुबॉम्बमधून जवळजवळ येत नाही, अणुभट्टीतून येतं, आणि दर दोन वर्षांनी निम्मं होतं. ते सापडलं तर माल ताजा! २०११ मध्ये फुकुशिमातून दोन्ही सीझियम साधारण सारखीच बाहेर पडली. त्यामुळे जुनं कुठलं, नवं कुठलं, हे वेगळं करता आलं.

धुळीचं मोजमाप आणखी किचकट. पंपाने हवा फिल्टरमधून ओढायची, किती घनमीटर ओढली ते लिहायचं, मग फिल्टर मोजायचा. पण फुकुशिमात काचेसारखे अगदी बारीक कण सापडले, सीझियमने गच्च भरलेले. एकाच शेतातल्या दोन पिशव्या, एकीत असा कण, दुसरीत नाही. आकडे जुळणार कसे? म्हणून एका नमुन्यावर भरवसा ठेवायचा नाही.

आणि हो, कॅमेऱ्यावर काळी पट्टी लावायला सांगणारी ती ॲप्स. किरणोत्सार खूप जोराचा असेल तर फोनला कळेलही. मातीतलं हे एवढंसं नाही कळणार.

खरी अडचण वेगळीच आहे: अपघाताआधी मातीत किती होतं? तो आकडा नसेल तर नंतर भरपाई मागणारा शेतकरी काय दाखवणार? म्हणून आपल्याकडे अणुवीज केंद्र सुरू होण्याआधीपासूनच भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तिथली माती, पाणी, दूध, मासे मोजून ठेवते. तारापूरलाही अशी प्रयोगशाळा आहे.