पोर्टेबल स्ट्रोब लाइट घेताय? आधी काम मोजा, मग वॅट

फोटोग्राफीचा धंदा सुरू करणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "सर, २०० चा लाइट घेऊ की ६०० चा?" व्हिडिओत हिशोब पटकन झाला, म्हणून इथे नीट लिहून देतो.

आधी माझी चूक सांगतो. मी पहिलाच लाइट ६०० वॅट-सेकंदाचा घेतला, तोही हप्त्यावर. काम काय होतं? पिंपळे गुरवमध्ये दहा बाय बाराच्या खोलीत बेबी शूट आणि दागिन्यांचे फोटो. लाइट कायम १/३२ वर चालायचा, हप्ता मात्र फुल पॉवरवर!

वॅट-सेकंद म्हणजे काय?

एका फ्लॅशसाठी साठवलेली ऊर्जा. ती दुप्पट झाली की प्रकाश फक्त एक स्टॉप वाढतो, म्हणजे एफ ८ ऐवजी एफ ११. ३०० आणि ६०० मध्ये फरक एवढाच, पण पैसे बरेच जास्त जातात.

आता फुकटची युक्ती बघा. लाइट २ मीटरवरून १ मीटरवर आणला की प्रकाश साधारण चौपट होतो, म्हणजे दोन स्टॉप. १ मीटरवरचा २०० हा २ मीटरवरच्या ८०० च्या तोडीचा. मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये हा हिशोब थोडा बदलतो, पण दिशा हीच.

कोणत्या कामाला किती?

*प्रॉडक्ट, बेबी, पोर्ट्रेट:* लाइट जवळ ठेवता येतो. २०० पुरतो.

*चाकणच्या कारखान्यात पार्टचे कॅटलॉग फोटो:* फोर्कलिफ्टच्या वाटेत वायर टाकून चालत नाही, म्हणून बॅटरीचा लाइट हवाच. चकचकीत पार्टवर मोठा, मऊ प्रकाश लागतो. २०० ते ३०० आणि चांगला डिफ्यूजर घ्या.

*पवना धरणावर भर दुपारी प्री-वेडिंग:* इथे खरी लढाई उन्हाशी. आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं तर उन्हाचं एक्स्पोजर एफ ११ च्या आसपास येतं. सॉफ्टबॉक्समधून त्याला टक्कर द्यायला ६०० लागतो. बऱ्याच कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड १/२०० ते १/२५० असतो. त्यापुढे हाय-स्पीड सिंक लावावा लागतो आणि तो पॉवर खातो. शूट संध्याकाळी पाचला ठेवलं, तर जोडप्याला २०० सुद्धा चालून जातो.

*लग्नातला मोठा ग्रुप:* लाइट लांब ठेवावा लागतो, म्हणून ४०० ते ६००.

दुकानात काय विचाराल?

१. फुल पॉवरवर किती फ्लॅश आणि रिसायकलला किती वेळ? कंपनीच्या आकड्यांनुसार गोडॉक्स एडी२०० प्रो ५०० फ्लॅश देतो, रिसायकल १.८ सेकंद. एडी६०० प्रो ३६० फ्लॅश देतो, रिसायकल ०.९ सेकंद. वरातीत हा एक सेकंदसुद्धा महाग पडतो.
२. ट्रिगर तुमच्याच कॅमेऱ्याचा आहे ना? कॅननचा ट्रिगर सोनीवर नीट चालत नाही.
३. बोवेन्स माउंट बसतो का, की वेगळा ब्रॅकेट घ्यावा लागेल? सॉफ्टबॉक्स त्यावरच ठरतो.
४. जादा बॅटरी आणि फ्लॅश ट्यूब पुण्यात मिळते का? रिपेअर कुठे होतं?
५. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटीसाठी लागतं, आणि तुमची नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिटसाठीही.

स्टँडसाठी वाळूची पिशवी विसरू नका. मोकळ्यावर सॉफ्टबॉक्स म्हणजे शीडच, वाऱ्याने स्टँड आडवा होतो.

घ्यायचा की भाड्याने?

समजा लाइट, ट्रिगर, सॉफ्टबॉक्स, स्टँड मिळून ५०,००० रुपये लागतात आणि हाच सेट दिवसाला १,००० रुपये भाड्याने मिळतो. म्हणजे ५० शूटनंतर पैसे वसूल. महिन्याला ६ शूट असतील तर साधारण साडेआठ महिने, २ असतील तर दोन वर्षांहून जास्त. तुमच्या भागातले खरे दर टाकून हिशोब करा. वर्षाच्या आत वसूल होत असेल तरच घ्या, नाहीतर भाड्याने आणा आणि ते भाडं कोटेशनमध्ये धरा.

आज एकच काम करा. मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डर वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे किती वॅट-सेकंद लागले ते मांडा. कोणता लाइट घ्यायचा ते तुमची वहीच सांगेल.