मृगाच्या बाणाखालचा धूसर ठिपका

नागपुरात महाल भागाला लागून, गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र आहे. तिथल्या तारांगणाच्या घुमटाखाली बसलेल्या नागपूरकरांना अंतराळातले रंगीत तेजोमेघ नवे नाहीत. पण हे रंग खरे असतात का?

हिवाळ्यात मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली दुर्बीण वळवली, तर एक राखाडी धूसर ठिपका दिसतो. तोच मृगातला तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर. वायू आणि धुळीच्या या ढगात आजही तारे जन्मत आहेत. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग फारसे कळत नाहीत. कॅमेरा मात्र प्रकाश साठवत राहतो.

हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातले प्रसिद्ध स्तंभ वेगवेगळ्या फिल्टरांतून टिपले. मग गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग दिला. ही फसवणूक नव्हे, कुठे कोणता वायू आहे याचा तो नकाशा आहे.

डोळ्यांना मुळीच न दिसणारा प्रकाशही असाच टिपता येतो. २०१५ मध्ये झेपावलेल्या भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर अतिनील दुर्बीण आहे, तिच्या उभारणीत पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचाही वाटा आहे. फुलपाखरू तेजोमेघाच्या परिचित पंखांबाहेर पसरलेला फिकट वायू तिनेच दाखवून दिला.