संकेतस्थळ, मालक आणि मुखत्यार

गावच्या जुन्या वाचनालयापासून कोकणातल्या आंबा-बागायतदारापर्यंत आणि दिवाळी अंकाच्या संपादकापासून निवृत्तीनंतर लेखणी हाती घेतलेल्या अभियंत्यापर्यंत ज्याला त्याला आज आपले एक संकेतस्थळ असावेसे वाटते. आणि ते आपल्या हातून होणारे काम नव्हे हे ध्यानी आल्यावर ओळखीतला एखादा तरुण, एखादी छोटी कंपनी, किंवा केवळ 'तो कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्या भांडवलावर घरचाच भाचा, असा कोणी तरी साहाय्यक शोधला जातो. साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. परंतु साहाय्यकाला काम सांगणे वेगळे आणि त्याला आपला कुलमुखत्यार करून टाकणे वेगळे, हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आणि या क्षेत्रात जी भांडणे होतात त्यांचे मूळ साहाय्यकाच्या लबाडीपेक्षा मालकाच्या गैरसमजांतच अधिक वेळा सापडते, असे माझे मत आहे.

त्यांतला सर्वांत महाग पडणारा गैरसमज असा, की संकेतस्थळाचे नाव, ज्याला व्यवहारात डोमेन म्हणतात, ते एकदा पैसे मोजले की कायमचे आपले होते. वस्तुस्थिती अशी, की हे नाव खरेदीखताने मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. जगातील अशा नावांच्या व्यवस्थेचे नियमन करणारी 'आयकॅन' ही संस्था १९९८ साली अमेरिकेत स्थापन झाली आणि तिच्या नियमांनुसार 'डॉट कॉम'सारखे नाव एका वेळी फार तर १० वर्षांच्या मुदतीने घेता येते. आपल्याकडच्या 'डॉट इन' आणि 'डॉट भारत' या नावांचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे 'निक्सी', पाहते. आता पट्टा म्हटला की तो कोणाच्या नावे आहे हा प्रश्न आलाच. पावती संकेतस्थळ ज्या संस्थेचे तिच्या नावे फाडलेली असो, रक्कम संस्थेच्या खात्यातून गेलेली असो, नोंदणी करताना धारक म्हणून ज्याचे नाव आणि ज्याचा ई-मेल लिहिला गेला त्यालाच व्यवस्था ओळखते. साहाय्यकाने सोयीसाठी, बहुधा निष्कपटपणेच, स्वतःच्या खात्यात नाव नोंदलेले असते आणि संस्थेच्या कार्यकारिणीला याचा पत्ता तो परगावी नोकरीस गेल्यावर लागतो. 'डॉट कॉम'सारखे नाव एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे न्यावयाचे तर त्यासाठी लागणारा संकेतांक धारकाने मागितल्यापासून ५ दिवसांच्या आत विक्रेत्याने त्याला उपलब्ध करून द्यावा असा नियम आहे. परंतु तो 'धारकाने' मागावयाचा आहे, पैसे देणाऱ्याने नव्हे. मुदत टळली तर विक्रेत्याच्या धोरणाप्रमाणे काही दिवसांची सवलत मिळते, पुढे ३० दिवस जबर दंड भरून नाव सोडवून घेता येते, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते ज्याला हवे त्याला घेण्यास मोकळे होते. मुदतीची स्मरणपत्रे ज्या ई-मेलवर जातात तो ई-मेल कोण वाचतो, एवढी एकच चौकशी वेळीच केली असती तर कित्येक संस्थांची नावे परक्या हाती गेली नसती.

नाव, जागा आणि बांधणी या तीन वस्तू एकच आहेत असे समजणे हाही याच जातीचा घोटाळा होय. नाव एकाकडून घेतलेले असते. मजकूर जिथे साठवला जातो ती जागा, म्हणजे होस्टिंग, दुसऱ्याची असू शकते. आणि ज्या प्रणालीवर पाने उभी राहतात ती तिसऱ्याच कोणाची असते. यांपैकी प्रणाली पुष्कळदा विनामूल्य असते, हे न सांगता तिचे 'लायसन' म्हणून दरसाल रक्कम मागणारे महाभाग आहेत. जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्यावर चालतात ते वर्डप्रेस मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केले, ते 'बी-टू' नावाच्या आधीच्या एका मुक्त प्रणालीवर आधारलेले होते, आणि ज्या परवान्याखाली ते वाटले जाते त्यानुसार ते वापरण्यास, बदलण्यास व पुढे देण्यास कोणालाही मुभा आहे. साहाय्यकाने श्रमाचे मोल अवश्य घ्यावे, परवडेल तेवढे घ्यावे. परंतु वर्डप्रेसचे मोल घेऊ नये. (त्याच नावाची 'डॉट कॉम' ही मात्र एका कंपनीची व्यापारी सेवा आहे, आणि दोहोंची गल्लत जाणत्यांकडूनही होते.)

याच्या उलट टोकाचा भ्रम फुकट सेवेविषयीचा. मराठीतील पुष्कळसे ब्लॉग ज्यावर लिहिले गेले ते ब्लॉगर १९९९ साली सुरू झाले आणि २००३ मध्ये गूगलने विकत घेतले. ते अद्यापि चालू आहे आणि नवशिक्याला त्याहून सोपे साधन मी तरी सुचवणार नाही. तथापि जिथे भाडे नाही तिथे कुळाचा हक्कही नाही. जिओसिटीज या एके काळच्या विख्यात सेवेवर लक्षावधी लोकांनी आपापली पाने उभारली होती. याहूने ती २००९ साली बंद केली, आणि ज्यांनी प्रत काढून ठेवली नव्हती त्यांचे लेखन, काही हौशी संग्राहकांनी वाचवले तेवढे वगळता, नष्ट झाले. ब्लॉगरमधून आपल्या सर्व लेखांची प्रत उतरवून घेण्याची सोय आहे. ती वर्षातून दोनदा वापरण्यास कोणाचीही मदत लागत नाही.

आता एका अशा मुद्द्याकडे वळतो, की जो सांगितल्यावर सज्जन माणसेही अविश्वासाने पाहतात. 'आम्ही पैसे दिले, तेव्हा जे बनले ते आमचे', ही समजूत कायद्याला सरसकट मान्य नाही. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाच्या कलम १७ अन्वये कृतीचा पहिला स्वामी तिचा कर्ता असतो. पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून केलेली कृती, एरवी ठरले नसेल तर, मालकाची होते, परंतु ठेका घेऊन स्वतंत्रपणे काम करणारा मनुष्य नोकर नव्हे. संगणकीय आज्ञावली ही या कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीतच मोडते, म्हणून आपल्यासाठी मुद्दाम लिहून घेतलेल्या आज्ञावलीचे हक्क, लेखी हस्तांतर झाले नसेल तर, लिहिणाऱ्याकडेच राहतात. गंमत अशी, की मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांना हाच कायदा वेगळा न्याय लावतो: तिथे, विरुद्ध करार नसल्यास, काढवून घेणारा पहिला स्वामी ठरतो. म्हणजे वाचनालयाच्या इमारतीचे पैसे देऊन काढवलेले छायाचित्र वाचनालयाचे, आणि ते ज्या पानावर झळकते त्या पानामागची खास आज्ञावली मात्र साहाय्यकाची. कलम १९ पुढे सांगते, की हस्तांतर लेखी व सहीनिशी असले पाहिजे. आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते समजले जाते. एका पानाचा करारनामा, त्यात हक्क कायमचे व जगभरासाठी दिल्याचे एक वाक्य, आणि दोघांच्या सह्या, एवढ्याने काम भागते. पण 'घरचाच मुलगा आहे' म्हणून तो करारनामा होत नाही. शोधयंत्रात दिसलेले चित्र उचलून आपल्या पानावर लावणे निर्वेध आहे या समजुतीबद्दल निराळे काय लिहावे? शोधयंत्र चित्र दाखवते, ते वापरण्याची परवानगी देत नाही.

'तुमचे संकेतस्थळ गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो' असे आश्वासन देणाऱ्यांचा एक वर्गच अलीकडे उदयास आला आहे. या आश्वासनाची किंमत गूगलनेच सांगून ठेवली आहे: पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे त्या कंपनीच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे, जाहिराती घेतल्याने नैसर्गिक क्रम सुधारत नाही, हेही तिथेच नमूद आहे. तरी पानाच्या पोटात अदृश्यपणे महत्त्वाच्या शब्दांची यादी भरण्याचे पैसे आजही आकारले जातात, वास्तविक त्या यादीचा क्रम ठरवताना उपयोग करीत नसल्याचे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. दुसरा प्रकार विकतच्या दुव्यांचा. एका पानाकडे इतर किती आणि कोणत्या पानांनी निर्देश केला आहे यावरून त्याचे महत्त्व ठरवावे, ही कल्पना लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना मांडली, आणि तिच्यातूनच गूगल उभे राहिले. साहजिकच निर्देशांचा बाजार भरला, आणि २०१२ साली गूगलने आपल्या पद्धतीत मोठा फेरबदल करून अशा बनावट निर्देशांवर जगणाऱ्या पानांना मागे लोटले. उपयोगी साहाय्यक निराळ्याच गोष्टी करतो: 'सर्च कन्सोल' हे गूगलचे विनामूल्य साधन तो मालकाच्याच खात्यात जोडून देतो, वाचक कोणते शब्द शोधत आपल्यापर्यंत पोचले हे त्यातून दाखवतो, आणि बदलांचा परिणाम दिसण्यास कधी काही महिनेही लागतात हे आधीच सांगतो. हे ऐकण्यास फारसे आकर्षक नसते, म्हणून हमी देणाऱ्याचे फावते.

मराठी संकेतस्थळांना मात्र क्रमांकाच्या आधी एका निराळ्याच व्याधीचा उपाय करावा लागतो. छापखान्यातून आलेला मजकूर जसाच्या तसा पानावर चढवला की झाले, असे संपादकांना प्रामाणिकपणे वाटते. परंतु आपल्याकडची अक्षरजुळणी दीर्घकाळ ज्या टंकांत झाली त्यांत देवनागरी अक्षर हे केवळ रोमन अक्षराच्या जागी बसवलेले चित्र असे. तो टंक काढून घेतला की खाली उरतो तो रोमन अक्षरांचा अर्थशून्य कचरा, आणि शोधयंत्राला तोच वाचता येतो. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र स्थान आहे, आणि मजकूर त्यात असला तरच तो शोधला जातो, निवडता येतो, दृष्टिहीन वाचकाला यंत्राकडून ऐकता येतो. रूपांतर करून देणारी साधने आहेत. त्यांवर विसंबून मात्र राहू नये, कारण 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ आणि काही जोडाक्षरे त्यांच्या तावडीतून धड सुटतीलच असे नाही, आणि मुद्रितशोधनाला आजही पर्याय निघालेला नाही. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद त्याच्या रचनेत करण्यास साहाय्यकाला अर्धा मिनिट लागतो. ती असली म्हणजे ज्या टंकांत ल आणि श यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात त्यांतून मराठी वळण निवडले जाऊ शकते. हे साहाय्यकाला सांगावे लागते, कारण बहुधा त्याला कोणी सांगितलेले नसते. २०१४ पासून पत्ताही देवनागरीत घेता येतो, 'डॉट भारत'सह. हौस अवश्य करावी, पण सोबत एक रोमन नावही घ्यावे, कारण असे पत्ते यंत्राच्या पोटात रोमन संकेतांत लिहिले जातात व अनेक ठिकाणी त्या विद्रूप रूपातच बाहेर येतात.

पत्त्यापुढे दिसणाऱ्या कुलुपाविषयी थोडक्यात. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून विनामूल्य देते, तेव्हा साध्या संकेतस्थळाने त्याचे वेगळे पैसे मोजण्याचे सहसा कारण नाही. आणि कुलूप असले म्हणजे पलीकडचा मनुष्य सचोटीचा, असेही नाही, कारण ते केवळ वाटेत मजकूर कोणी वाचू शकत नाही एवढेच सांगते. क्रोमने तर २०२३ साली ते चिन्हच बदलून टाकले.

अखेरीस, मदत मागण्याच्या रीतीविषयी. 'साइट चालत नाही' ही तक्रार वैद्याला 'बरे वाटत नाही' असे सांगण्यासारखी आहे. कोणते पान, कोणत्या उपकरणावर, पडद्यावर नेमके कोणते शब्द उमटले आणि त्याच्या आधी काय बदलले होते, हे लिहून दिले तर वर्डप्रेसच्या अधिकृत मदतकेंद्रातील स्वयंसेवकही बहुधा उत्तर देतात. मुंबई-पुण्याला भरलेल्या 'वर्डकॅम्प' संमेलनांत असे जाणते लोक प्रत्यक्ष भेटलेलेही आहेत. पासवर्ड मात्र त्यांना देऊ नये, आणि पगारी साहाय्यकालाही आपला देऊ नये. वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक अशा पायऱ्या आहेत. साहाय्यकाला त्याच्या स्वतःच्या नावाचे खाते कामापुरते उघडून द्यावे व काम संपल्यावर काढून घ्यावे. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी त्याच्याकडून नावाचे, जागेचे आणि सर्च कन्सोलचे खाते संस्थेच्या ई-मेलवर करून घ्यावे, संपूर्ण संकेतस्थळाची प्रत वेगळ्या तबकडीवर घ्यावी, आणि ती प्रत दुसऱ्या एखाद्या जागी त्याच्यासमक्ष उभी करून पाहावी, कारण जिच्यातून काही परत उभे राहत नाही अशी प्रत कपाटात ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे.