निकाह ठरला होता. झाल्याचा कागद कुठे आहे?

घराण्याची वंशावळ लिहायला बसले की पुरुषांची नावे पटापट येतात. अडते ते बायकांपाशी. कोणाची दादी कुठल्या गावची, तिचे वडील कोण, तिचा निकाह कोणत्या साली झाला, असे विचारले की घरातली मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आमच्या घरात हा प्रश्न नुसत्या माहितीचा नव्हता. एका बाईच्या अब्रूचा आणि तिच्या लेकीच्या हक्काचा होता.

आमचे परदादा दापोली तालुक्यातले. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर खलाशी म्हणून त्यांनी उमर काढली. त्यांची दुसरी बायको म्हणजे आमची परदादी. आमचे दादा आणि त्यांचे भाऊ हे तिचे दोन मुलगे. पण त्याआधी परदादांचे लग्न खाडीपलीकडच्या गावातल्या एका मुलीशी ठरले होते आणि तिच्यापासून त्यांना एक मुलगी होती. तिला आमचे अब्बा ‘थोरल्या फुफी’ म्हणत. आई लवकर वारली म्हणून ती आजोळी वाढली. ईदला येई, शिरखुर्मा खाऊन संध्याकाळच्या होडीने परत जाई.

१९५६ साली परदादांचा इंतकाल झाला. तलाठी दफ्तरी वारसनोंद झाली ती अशी : बायको एक, मुलगे दोन. थोरल्या फुफीचे नाव त्यात नाही. गावात कुजबुज अशी की, ‘निकाह ठरला होता हे खरे, पण नवरा बोटीवर निघून गेला, निकाह झालेला कोणी पाहिला?’ पाहणारे हयात होते तोवर त्यांना कोणी विचारले नाही. नंतर विचारायला कोणी उरले नाही.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या फुफीच्या नातीचा आम्हाला निरोप आला. तिने जमीन मागितली नव्हती, पैसा मागितला नव्हता. ‘तुम्ही वंशावळ लिहिताय असे कळले. माझ्या दादीचे नाव त्यात आहे का?’ एवढेच तिने विचारले. आम्ही चौघा चुलत भावंडांनी त्या दिवसापासून शोध सुरू केला.

ठरल्याचा पुरावा हाती आला

पहिला धागा घरातच मिळाला. परदादांच्या वडिलांची हिशेबाची वही माळ्यावरच्या पेटीत होती. लिहिलेली मोडीत. आपल्या राज्यात गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावचे व्यवहार मोडीत होत. मुसलमान घरांतले हिशेबही त्याला अपवाद नव्हते. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी आम्हाला ती वही वाचून दिली.

‘शके १८४१, फाल्गुन’ या सदराखाली मंगनीचा खर्च होता. साखर, कापड, चांदीचा एक दागिना, होडीचे भाडे. त्याखाली मुलीच्या वडिलांचे नाव, गाव, ठरलेल्या मेहरची रक्कम आणि ‘निकाह रजबमध्ये’ असे दोन शब्द.

शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. मात्र शक गुढीपाडव्याला बदलतो, म्हणून जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणजे तो फाल्गुन १९२० सालचा. त्यानंतर येणारा रजब हिजरी १३३८ चा, तो १९२० च्या मार्चअखेरीस सुरू झाला. हिशेब जुळत होता. रमजान मे महिन्यात होता आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बंद पडत. रमजान आणि पाऊस या दोहोंच्या आत लग्न उरकायचा बेत असणार.

पण हा बेतच. वहीत मंगनी आहे, निकाह नाही. पुढची पाने कोरी आहेत.

झाल्याचा कागद मिळेना

निकाह बहुतेक मुलीच्या गावी होतो, म्हणून नोंद शोधायची तर मुलीच्या गावच्या जमातीत आणि तिथल्या काझींच्या घरी. हे साधे सूत्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ते नवऱ्याच्या गावी शोधत बसतात आणि हात हलवत परततात. आम्ही खाडीपलीकडे गेलो. तिथल्या काझी घराण्याने मोठ्या आपुलकीने जुनी दफ्तरे उघडून दाखवली. पण हिजरी १३३७ ते १३४० ची पाने वाळवीने खाल्ली होती. पुठ्ठा शाबूत, आत भुसा.

सरकारदरबारी काही मिळेल का? तिथेही आशा नव्हती. १८८० च्या काझी कायद्याने सरकारला काझी नेमता येत असे, पण काझी हजर असल्याशिवाय निकाह होत नाही, असे तो कायदा म्हणत नाही. विवाह नोंदणीचा मुंबई राज्याचा कायदा आला तो १९५३ साली. १९२० मध्ये कोकणातल्या खेड्यात झालेला निकाह सरकारी वहीत असावा, असे कोणतेच बंधन नव्हते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. निकाहासाठी इजाब-कबूल लागते आणि साक्षीदार लागतात. आम्हा कोकणी शाफईंमध्ये मुलीचा वलीही लागतो. मेहर हा तिचा हक्क. कागद ही नंतर झालेली सोय आहे. कागद नसला म्हणजे निकाह नव्हता, असा अर्थ ना शरीयतमध्ये निघतो ना कायद्यात. उलट, पाकदामन बाईवर चार साक्षीदारांशिवाय आळ घेणाऱ्याला सूरह नूरमध्ये किती कडक शिक्षा सांगितली आहे, हे आपण सगळे जाणतो. गावच्या पारावर बसून ‘कोणी पाहिले?’ असे विचारणाऱ्यांना त्याची आठवण झाली नसावी.

उत्तर पुढच्या पिढीत होते

एका बुजुर्ग मौलानांनी आम्हाला वाट दाखवली. ते म्हणाले, ‘आईचा निकाहनामा मिळत नाही ना? मग मुलीचा शोधा.’

आधी जन्माची नोंद काढली. जुन्या काळी गावातले जन्म-मृत्यू कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना नंबर १४ मध्ये लिहिले जात. ही बुके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज करून नक्कल मिळते. १९२२ च्या पानावर, आजोळच्या गावात, एका मुलीचा जन्म लिहिलेला सापडला. मुलीचे नाव नाही, पण बापाच्या रकान्यात परदादांचे नाव आणि त्यांचे गाव आहे. त्या काळी जन्माची वर्दी देताना मुलीचे नाव बहुधा ठेवलेलेच नसे, म्हणून अशा नोंदी बापाच्या नावाने शोधाव्या लागतात.

मग थोरल्या फुफीच्या सासरी गेलो. तिच्या नातीने आपल्या दादीची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी, रेशमी रुमालात घडी घातलेला, हिजरी १३५९ चा म्हणजे १९४० सालचा तिचा निकाहनामा होता. उर्दूतला. त्यात मुलीच्या वलीच्या जागी परदादांचे नाव आणि पुढे शब्द होते : ‘वालिद, खुद हाजिर’. खाली त्यांचा अंगठा. साक्षीदारांत परदादांचे सख्खे भाऊ, आमच्याच गावचे.

मौलानांनी तो कागद हातात घेतला आणि आम्हाला अर्थ समजावून दिला. ज्या मुलाचा नसब बापाशी जोडला जात नाही, त्याचा वली तो बाप होऊ शकत नाही. परदादा भर जमातीत, काझींसमोर, आपल्या भावाच्या साक्षीने मुलीचे वली म्हणून उभे राहिले. काझींनी ते मान्य केले, दोन्ही गावांनी मान्य केले. मुलीच्या आईचा निकाह झालाच नसता तर यातले काहीही घडले नसते. १९४० साली ज्या गोष्टीबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती, ती १९५६ साली एकाएकी संशयास्पद कशी झाली?

कायदाही याच अंगाने चालतो. बाप ज्याला उघडपणे आपले अपत्य म्हणून कबूल करतो, त्याच्या आईवडिलांच्या निकाहाचा पुरावा हाती नसला तरी ती कबुली, म्हणजे इकरार, नसब सिद्ध करायला पुरते. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी १८८८ च्या एका प्रसिद्ध निकालात इकराराचे हे तत्त्व सविस्तर मांडले. अट एवढीच की निकाह झालाच नव्हता असे सिद्ध झालेले नसावे. कागद सापडत नाही ही एक गोष्ट आणि निकाह झाला नव्हता हे सिद्ध होणे ही दुसरी. आमच्या गावाने या दोन्हींची गल्लत केली होती.

वंशावळीत आम्ही त्या माउलीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि गाव लिहिले. मंगनी : फाल्गुन शके १८४१. निकाहाच्या तारखेची जागा रिकामी ठेवली. वहीत रजब लिहिला आहे म्हणून रजबची तारीख ठोकून द्यावी, असे आमच्यातल्या एकाला वाटत होते. पण ठरलेला दिवस आणि झालेला दिवस एकच असतो असे नाही. त्यातून खलाशाच्या घरात तर बोट ठरवील तो दिवस.

नावानंतर हिस्सा

नाव लिहून झाल्यावर एक प्रश्न उरलाच. मुलगी होती, तर तिचा हिस्साही होता. वारसांचा हिशेब अगदी सोपा आहे. बायकोला आठवा भाग. उरलेले सात अष्टमांश मुलगे आणि मुलगी यांच्यात दोनास एक या प्रमाणात. मालमत्तेचे ४० भाग केले तर बायकोचे ५, दोन मुलग्यांचे प्रत्येकी १४ आणि मुलीचे ७. चाळिसातले ते सात भाग साठ-पासष्ट वर्षे दुसऱ्यांच्या ताटात होते.

घरात वाद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. कोणी म्हणाले, इतक्या वर्षांनी कोर्टही ऐकणार नाही. कोणी म्हणाले, ती मागत नाही तर आपण का उकरायचे? शेवटी घरातल्या सर्वांत वडील चाचांनी तोंड उघडले. ‘कोर्टाला नाही द्यायचा जवाब. माझे वय झाले, मला हे सोबत न्यायचे नाही.’ त्यानंतर कोणी बोलले नाही. जमिनीचा बराच भाग पूर्वीच विकला गेला होता. जी कलमांची बाग उरली होती तिची किंमत काढली आणि विकलेल्या जमिनीचाही अंदाज धरून थोरल्या फुफीच्या वारसांना हिस्सा दिला. बागेचा एक तुकडा त्यांच्या नावे झाला, फेरफार मंजूर झाला. आज सातबारावर त्यांची नावे आहेत.

तुम्हाला शोध घ्यायचा असेल तर

पहिले काम बुजुर्गांना विचारण्याचे. त्यातही घरातल्या बायकांना आधी विचारा. कोणाची मंगनी कोणाशी झाली, मोडली का, मेहर किती होती, हे त्यांना पाठ असते.

सन पाहताना हिजरी, शक आणि इसवी यांची गल्लत करू नका. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. कागदावरच्या सनाच्या मागची-पुढची दोन वर्षेही तपासा. नावांच्या सगळ्या तऱ्हा धरा : महंमद, महमद, मोहम्मद, फातिमा, फातमा. कुठे आडनाव असेल, कुठे नुसते गावाचे नाव.

जमिनीसाठी जुने फेरफार आणि गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, पाहा. शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाचे नाव मिळते. घरातला माणूस महायुद्धात बोटीवर असताना समुद्रात गेला असेल, तर मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकाची नोंद पाहा. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाकडच्या काही नोंदींत खलाशाच्या वडिलांचे किंवा बायकोचे नावही असते. आणि आईचा कागद मिळाला नाही तर मुलामुलींचे निकाहनामे काढा.

आपल्यापुरते एक काम मात्र आजच करण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे निकाहानंतर नव्वद दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. काझींच्या दफ्तरातली नोंद आणि ही नोंद, दोन्ही असू द्या. निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या माहेरीही ठेवा. गावच्या जमातीने जुन्या दफ्तरांचे फोटो काढून ठेवले तर फार मोठे काम होईल. वाळवी कोणासाठी थांबत नाही. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असे सूरह बकरामध्ये आपल्याला सांगितले आहे. किराणा दुकानाची उधारी आपण वहीत लिहितो. मग आपल्या लेकींची नावे का लिहू नयेत?