वीस मिनिटांचे कोडे

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू प्रयोगशाळेत भरपूर अन्न आणि ३७ अंश सेल्सिअस तापमान मिळाले, की दर २० मिनिटांनी दुभंगतो. दुभंगण्यापूर्वी डीएनएची नक्कल पुरी व्हायला हवी. पण त्याच्या ४६ लाख जोड्यांच्या वर्तुळाकार डीएनएची नक्कल व्हायला सुमारे ४० मिनिटे लागतात! मग हे जमते कसे?

नक्कल एका ठरावीक ठिकाणी सुरू होऊन दोन्ही दिशांनी पुढे सरकते. ती अर्ध्यावर असतानाच हा पठ्ठ्या त्याच ठिकाणी पुढची नक्कल सुरू करतो. म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या पेशीत तिच्या नातींसाठीची नक्कल चालू असते!

केंद्रक असलेल्या पेशींना अशी घाई चालत नाही. माणसाच्या पेशीत नक्कल हजारो ठिकाणी सुरू होते, तरी सुमारे ८ तास लागतात. आणि दर विभाजनापूर्वी प्रत्येक भागाची नक्कल एकदाच होते. ती संपल्यावरच गुणसूत्रांची वाटणी सुरू होते.